कवटीवरचं चुंबक, आतली तलफ

व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या कुणालाही हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ते डोक्याला मशीन लावतात म्हणे, त्यानं दारू सुटते. खरं का हो?" विचारणारी बहुधा बायको असते, नाहीतर आई, कधी थोरला भाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एखादा व्हिडिओ दाखवण्यासाठी मोबाइल हातातच असतो. तोवर या घरात बरंच काही होऊन गेलेलं असतं. माळ घालून झालेली असते, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झालेल्या असतात, 'दारू सोडवणारी पावडर' गुपचूप भाजीत कालवून झालेली असते, एकदोनदा केंद्रात ठेवूनही झालेलं असतं. अशा घराला नुसतं 'हो' सांगणं ही फसवणूक, आणि नुसतं 'नाही' सांगून मोकळं होणं हा आळस. पुढची पानं या प्रश्नाचं सविस्तर उत्तर शोधतात. वाचकानं त्यांच्याकडे कोणत्या नजरेनं पाहावं, हे सांगणं एवढंच या प्रस्तावनेचं काम.

सुरुवातीलाच एक भीती दूर करू. डोक्याला मशीन म्हटलं की आपल्याकडे 'शॉक' आठवतो. मनोविकारांसाठी दिल्या जाणाऱ्या शॉकमध्ये भूल देऊन, डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून वीज सोडून मुद्दाम फिट आणली जाते. चुंबकीय उत्तेजनात, म्हणजे टीएमएसमध्ये, भूल नसते आणि फिट आणायची नसते. माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, मधल्या विश्रांतीत बोलू शकतो, आणि संपल्यावर आपल्या पायांनी घरी जातो. यामागचं तत्त्व आपण सगळ्यांनी दहावीला पाठ केलेलं आहे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वाहकात विद्युतधारा निर्माण होते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं. चेतापेशींचं काम विजेवर चालतं, त्यामुळे मेंदूही या नियमाच्या कक्षेत येतो. पॅरिसमध्ये १८९६ साली द'आर्सोन्व्हालनं माणसांची डोकी मोठ्या वेटोळ्यात घातली तेव्हा त्यांना डोळ्यांपुढे प्रकाशाची लुकलुक दिसली. पण मेंदूतली हवी तीच जागा नेमकी जागी करणं जमायला १९८५ उजाडावं लागलं. त्या वर्षी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर छोटी कॉइल धरली आणि समोरच्या माणसाचा हात, त्यानं स्वतः न हलवता, हलला. कवटी उघडावी लागली नाही की वेदना झाली नाही.

आजही प्रत्येक पेशंटच्या उपचाराची सुरुवात त्याच हातापासून होते. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल डोक्याच्या बाजूला, हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर टेकवतात. हात मांडीवर सैल ठेवायला सांगतात. 'टक्' असा आवाज होतो आणि अंगठा आपोआप उडतो. ऑपरेटर जोर कमी करत जातो, कॉइल किंचित इकडेतिकडे सरकवतो, आणि दहा ठोक्यांपैकी साधारण पाच वेळा अंगठा हलेल अशी पातळी शोधतो. ती त्या माणसाची स्वतःची मात्रा. कुणाची कवटी जाड, कुणाचा मेंदू अधिक संवेदनशील, त्यामुळे शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा आकडा याला चालत नाही. मग कॉइल पाच-सहा सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या वरच्या बाजूला सरकवतात आणि खरा उपचार सुरू होतो. कानात बोळे घातलेले असतात, कारण आवाज मोठा असतो. टकटकटक असे चारपाच सेकंद ठोके, अर्ध्या मिनिटाची विश्रांती, पुन्हा ठोके, असं वीस मिनिटं ते अर्धा तास चालतं. क्षेत्राची ताकद एमआरआय यंत्राच्या तोडीची, पण एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकणारा. साध्या कॉइलचा परिणाम कवटीखाली दोनतीन सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. खोलवर जाण्यासाठी हेल्मेटसारखी वेगळी कॉइल वापरतात. सेकंदाला एखादाच ठोका दिला तर तो भाग साधारणपणे मंदावतो, दहा दिले तर सतेज होतो. हा ढोबळ नियम झाला. माणसागणिक त्याला अपवाद आहेत.

कपाळामागचाच भाग का, हे कळायला दारू मेंदूत काय करते ते पाहावं लागतं. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी १९५४ साली मॉन्ट्रियलमध्ये उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या. मेंदूतल्या ठरावीक जागी वीज मिळावी म्हणून उंदीर कळ पुन्हापुन्हा दाबत राहिले. मेंदूत सुखाची, बक्षिसाची स्वतंत्र यंत्रणा असल्याचा तो पहिला ठोस पुरावा. दारू याच यंत्रणेत शिरते. जॉर्ज कूब आणि नोरा व्होल्कोव या शास्त्रज्ञांनी व्यसनाच्या तीन पायऱ्या मांडल्या आहेत : आधी नशेचं सुख, मग उतरताना होणारी कासाविशी, आणि त्यानंतर सतत डोक्यात घोळणारी तलफ. तिसऱ्या पायरीवर प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे मागचापुढचा विचार करून हात आवरणारा भाग, दुबळा पडलेला असतो. संध्याकाळी सात वाजता माणूस भाजी आणायला निघतो आणि गुत्त्यासमोर उभा असतो. बैलाला घराची वाट सांगावी लागत नाही, तशी पावलांना ती वाट पाठ झालेली असते. कासरा ओढणारा हात मात्र सैल पडलेला असतो. त्या हाताला बळ देता येईल का, हा चुंबकीय उपचारामागचा प्रश्न.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. बिली चेन, अँटोनेल्लो बोन्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली कोकेनची चटक लागलेल्या उंदरांवर प्रयोग केला. पायाला झटके बसत असतानाही कोकेन मागत राहणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, आपल्या प्रीफ्रंटल भागाशी नातं असलेला भाग मंद पडलेला आढळला. तो प्रकाशाच्या साहाय्यानं जागा केल्यावर त्यांचं मागणं घटलं. माणसांबाबतचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. नसीर नक्वी, अँटॉइन बेचारा आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूला इजा झालेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचा अभ्यास केला. इन्सुला नावाच्या खोल भागाला इजा झालेल्यांपैकी अनेकांची सिगारेट सहज, कसलीही झटापट न करता सुटली होती. पुढे २०२२ साली फिनलंडच्या युहो योउत्सा यांच्या गटानं दाखवलं, की अशा इजा वेगवेगळ्या जागी असल्या तरी मेंदूतल्या एकाच जाळ्याशी जोडलेल्या असतात, आणि त्या जाळ्याचा दारूच्या व्यसनाशीही संबंध दिसतो. शोध असा जागेचा आहे. मेंदूत चुंबक नेमकं कुठे लावायचं, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. या विषयातली निम्मी भांडणं याच एका मुद्द्यावर आहेत.

दारूसाठी हा उपचार तपासणाऱ्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या चाचण्यांपैकी एक आपल्याच देशात झाली, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असायला हवी. रांचीच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्रीत डॉ. बिस्वरंजन मिश्रा, डॉ. एस. हक निजामी आणि सहकाऱ्यांनी दारूवर अवलंबून असलेल्या ४५ पेशंटांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तिघांपैकी दोघांना खरा उपचार, एकाला नकली. उजव्या बाजूच्या प्रीफ्रंटल भागावर सेकंदाला दहा ठोके, रोज एक याप्रमाणे दहा सेशन. खरा उपचार मिळालेल्यांची तलफ नकलीवाल्यांपेक्षा लक्षणीय कमी झाली. पुढच्या एका छोट्या चाचणीत याच गटानं डावी आणि उजवी बाजू ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत फारसा फरक पडला नाही. मात्र या चाचण्यांत मोजली गेली ती प्रश्नावलीतली तलफ. तलफ कमी झाली म्हणजे पिणं थांबलं, असं नाही. घरच्यांना दुसरी गोष्ट हवी असते.

या पुस्तकात वारंवार येणारा 'नकली उपचार' हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा निवाडा त्यावर उभा आहे. चुंबकानं आजार बरा करण्याचा दावा फार जुना. पॅरिसमध्ये १७८० च्या आसपास फ्रान्झ मेस्मर यानं 'प्राणिज चुंबकत्वा'नं धुमाकूळ घातला होता. त्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या हातवाऱ्यांनी माणसं थरथरत, बेशुद्ध पडत, आणि बरी झाल्याचं सांगत. राजानं १७८४ साली चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉयझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात मेस्मरच्या शिष्यानं 'चुंबकत्व भरलं' आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडाजवळ नेण्यात आलं. मुलगा चौथ्या झाडापाशी कोसळला. ते झाड भलतंच होतं आणि भारलेल्या झाडापासून दूर होतं. मुलगा ढोंगी नव्हता. त्याच्या अपेक्षेनंच त्याला पाडलं होतं.

अपेक्षेचं हे बळ आजच्या यंत्रांनाही चुकलेलं नाही. मोठं मशीन, पांढरे कोट, कानठळ्या बसवणारे ठोके, भरलेली फी, एवढ्यावर निम्मं काम होऊ शकतं. म्हणून चाचणीत काही पेशंटांना नकली कॉइल लावतात. आवाज तोच, डोक्यावर टकटक जाणवते, पण मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही. खोलवर जाणाऱ्या कॉइलच्या चाचण्यांत तर एकाच हेल्मेटमध्ये खरी आणि नकली अशा दोन कॉइल बसवलेल्या असतात. पेशंटचं कार्ड मशीनमध्ये सरकवलं की कोणती चालू करायची ते मशीन ठरवतं; ऑपरेटरलाही पत्ता लागत नाही. फ्रँकलिनच्या पट्टीचं हे आजचं रूप.

अशा कसोटीवर घासल्यावर काय दिसतं, ते दोन चाचण्या शेजारीशेजारी ठेवल्या की कळतं. पहिली स्वीडनमधली. इरेने पेरिनी, मार्कुस हाइलिग आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत ५६ जणांच्या इन्सुलावर खोल कॉइलनं तीन आठवड्यांत १५ सेशन दिली. तलफ घटली, पिणंही घटलं. पण खऱ्या आणि नकली दोन्ही गटांत सारखंच. चुंबकाच्या खात्यावर काही जमा करता आलं नाही. दुसरी चाचणी हाइलिग आणि इस्रायलचे आब्राहम झांगेन यांच्या गटाची, २०२२ सालची. या वेळी ५१ जण होते आणि लक्ष्य बदललं होतं : मेंदूच्या मधल्या रेषेलगतचा प्रीफ्रंटल आणि सिंग्युलेट भाग. तीन आठवडे १५ सेशन, मग पुढच्या तीन महिन्यांत अधूनमधून पाच. पाठपुराव्याच्या काळात खऱ्या उपचारवाल्यांचे बेसुमार पिण्याचे दिवस सरासरी २.९ टक्के भरले, नकलीवाल्यांचे १०.६ टक्के. यंत्राची जात तीच, सुरुवातीची सेशनही तेवढीच. जागा बदलली आणि निकाल बदलला. हे उत्साह वाढवणारं आहे, पण ५१ माणसं म्हणजे एका बसमध्ये मावणारी संख्या, आणि संशोधकांनी स्वतःच याला प्राथमिक चाचणी म्हटलं आहे. झांगेन हे या कॉइलच्या निर्मात्यांपैकी एक आहेत, हेही ध्यानात असू द्यावं. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही. दुसऱ्या कुणी, दुसरीकडे, अधिक माणसांवर तो पडताळून पाहण्याची गरज मात्र वाढते.

पहिली चाचणी 'फसली' म्हणून पान उलटण्याची घाई करू नये. नकली कॉइल लावलेली माणसंही कमी प्यायला लागली, याचा अर्थ काय? काही भाग काळाचा असणार. माणूस उपचाराला येतो तोच बहुधा वाईट दिवसांत, आणि पुढे थोडं सावरतो. पण काही भाग नक्कीच दुसऱ्या कशाचा आहे. तीन आठवडे रोज ठरलेल्या वेळी कुठेतरी जायचं, तिथे कुणीतरी नावानं हाक मारायचं, "काल कसा गेला दिवस?" असं विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, किंवा त्याच्याही अर्धशतक आधी, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा (ए.ए.) जन्म झाला, तेव्हा यंत्र नव्हतंच. होती ती हीच गोष्ट. समूह, दिनक्रम, घरच्यांना सामावून घेणं आणि बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा. यंत्राची परीक्षा घेता घेता शास्त्रज्ञांनी नकळत या गोष्टीचंही वजन मोजलं, असं मला वाटतं. या पुस्तकाच्या वाचनातून माझ्यापुरता निघालेला निष्कर्षही तोच : चुंबकाचा उपयोग झालाच तर तो अशा सहवासाच्या जोडीनं होईल, त्याच्या जागी चुंबक बसवलं तर पैसे जातील आणि दारू राहील.

यशाचा आकडाही कसा वाचायचा ते शिकावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं टीएमएसला २००८ साली नैराश्यासाठी, २०१८ साली ओसीडीसाठी आणि २०२० साली सिगारेट सोडण्यासाठी हिरवा कंदील दाखवला. दारूच्या व्यसनासाठी तो अजून मिळालेला नाही. सिगारेटच्या मान्यतेमागची चाचणी २६२ जणांची होती. उपचार नीट पूर्ण केलेल्यांत सलग चार आठवडे सिगारेटपासून दूर राहिलेले खऱ्या गटात २८ टक्के, नकली गटात ११.७ टक्के. सुरुवातीला दाखल झालेले सगळे धरले तर हेच आकडे १९.४ आणि ८.७ वर येतात. दुपटीहून जास्त फायदा, ही जाहिरातीतली ओळ. दहांतल्या आठ जणांची सिगारेट सुटली नाही, हीसुद्धा त्याच चाचणीतली ओळ. दोन्ही खऱ्या आहेत, आणि घरच्यांना दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

धोक्याबद्दल थोडक्यात. डोकं दुखणं, कॉइलखालची त्वचा आणि स्नायू दुखणं, हे नेहमीचं आणि तात्पुरतं. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा उपचार करत नाहीत. फिट येण्याचा धोका एरवी अगदी विरळा. पण दारू पिणाऱ्यांच्या बाबतीत तो गांभीर्यानं घ्यावा लागतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू थांबवली की पहिल्या काही दिवसांत हातपाय थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, आणि फिटही येऊ शकते. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांनी आणि ब१ जीवनसत्त्वानं पार पाडायचे असतात. ते पार पडण्याआधी मशीनकडे पाहूसुद्धा नये.

औषधांबाबतही सावधगिरी हवी. डायसल्फिराम, नॅल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट ही औषधं अनेक वर्षं वापरात आहेत. सुरुवातीला उल्लेख केलेली पावडर पुष्कळदा डायसल्फिरामचीच असते. ते घेतल्यावर दारू प्याली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. माणसाला ठाऊक असताना, त्याच्या संमतीनं दिलं तर ते औषध आहे. चोरून भाजीत कालवलं तर जिवावर बेतू शकतं. मशीन असो की गोळी, पेशंट स्वतः या कामात सामील नसेल तर काहीच टिकत नाही.

आता आपल्याकडचं वास्तव. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. दारूवर अवलंबून असलेल्यांपैकी कसला तरी उपचार मिळाला असं सांगणारे ३८ जणांमागे एक; भरती होऊन उपचार मिळालेले १८० मागे एक. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला तीन आठवडे रोज शहरातल्या क्लिनिकमध्ये हजर राहायला सांगणं म्हणजे तीन आठवड्यांचा रोज बुडवायला सांगणं. त्यामुळे या पुस्तकातलं यंत्र उद्या शंभर टक्के खरं ठरलं, तरी त्या सदतीस जणांचा प्रश्न त्यानं सुटणार नाही. त्यांना हवं आहे तालुक्याच्या दवाखान्यात मिळणारं स्वस्त औषध, फोन उचलणारा समुपदेशक आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावरची ए.ए.ची मीटिंग. संशोधनाला विरोध म्हणून हे लिहीत नाही. पैसा आणि उत्साह मर्यादित असतो, तेव्हा आधी काय पोहोचवायचं याचा क्रम ठरवावा लागतो.

ज्यांच्यापुढे आज प्रत्यक्ष हा निर्णय उभा आहे, त्यांनी क्लिनिकमध्ये पाऊल ठेवताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. दारू थांबवल्यानंतरचा त्रास आधी सुरक्षितपणे उरकला जाणार आहे का? मेंदूच्या कोणत्या भागावर, किती सेशन आणि कोणत्या चाचणीच्या आधारावर? सोबत औषधं आणि समुपदेशन आहे का, आणि ते कोण करणार? सेशन संपल्यावर तीन आणि सहा महिन्यांनी पाठपुरावा कोण ठेवणार? आणि पुन्हा पिणं सुरू झालं तर पुढची पायरी काय? नैराश्य आणि दारू बरोबरीनं असतील, तर नैराश्यासाठी हा उपचार मान्य आहे, हेही डॉक्टरांशी बोलून घ्यावं. काही घरांसाठी तोच खरा दरवाजा ठरू शकतो. या पाचांपैकी एकाही प्रश्नाला "ते सगळं मशीन बघतं" असं उत्तर आलं, तर उठून यावं. "अजून खात्री नाही, पण असं असं करून पाहू" असं उत्तर आलं, तर बसून पुढचं ऐकावं. त्या बोलण्यात काय तपासायचं, ते पुढची प्रकरणं सांगतील.